गाठीतली गर्दी

बर्लिन, १८७९. शारिटे रुग्णालयातल्या एका खोलीच्या दारात तुम्ही उभे आहात. आधी वास येतो: तापलेलं तांबं, स्पिरिट आणि त्यात मिसळलेला डांबरी उग्रपणा. टेबलाचं लाकूड मूळचं कसं होतं ते आता ओळखता येत नाही. निळे, जांभळे, किरमिजी, पिवळे डाग एकावर एक चढलेत, आणि टेबलाशी बसलेल्या पंचविशीतल्या डॉक्टरची बोटंही तशीच माखलेली आहेत. हा पॉल एर्लिख. ब्रेस्लाऊत शिकत असताना पाहुण्या रॉबर्ट कॉखशी त्याची ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं होतं की हा रंगवण्यात पटाईत आहे, पण परीक्षा काही पास व्हायचा नाही. अशी गोष्ट सांगतात. परीक्षा तो पास झाला. गेल्याच वर्षी लाइपझिगला त्यानं प्रबंध दिला, आणि त्याचा विषयही हाच होता: ऊती रंगवण्याचं शास्त्र.

तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात एक चपटी डबी आहे. तिच्यात बिनरंगाच्या काही स्लाइड आहेत आणि प्रत्येकीवर एकाच गाठीचा चार मायक्रॉन जाडीचा काप आहे. ही गाठ तुमच्या काळातल्या एका तरुण मुलीच्या मानेतून काढली आहे. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरत चाललेलं वजन. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पहिल्या डॉक्टरांनीही एकच शब्द उच्चारला होता: टीबी. आपल्याकडे मानेतल्या गाठीला आधी तोच शब्द लागतो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. तिच्या गाठीत टीबीच्या जंतूंसाठीचा रंग करून पाहिला, जंतू दिसले नाहीत. पण गाठीतल्या टीबीत जंतू मुळातच विरळ असतात, त्यामुळे न दिसण्यानं काही ठरलं नाही. प्रश्न उरला तो असा: या गाठीत आहे तरी कोण कोण?

एक स्लाइड काढा आणि एर्लिखच्या मायक्रोस्कोपखाली धरा. काहीच दिसत नाही. म्हणजे तिथं लाखो पेशी आहेत, पण सगळ्या पाण्यासारख्या पारदर्शक. पेशी आणि तिच्या भोवतालचा द्रव प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, म्हणून डोळ्याला कडाच सापडत नाहीत. रंग इथं शोभेसाठी नसतो. रंगाशिवाय पाहणंच सुरू होत नाही.

हे रंग आले कुठून? १८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन दगडी कोळशाच्या डांबरापासून क्विनीन बनवायला निघाला आणि त्याच्या हाती एक जांभळा रंग लागला. त्यानंतर जर्मनीत रंगांचे कारखाने उभे राहिले. कापडासाठी बनलेले ते रंग एर्लिखचा थोरला मामेभाऊ कार्ल वायगर्ट यानं ऊतींवर आणि जंतूंवर टाकून पाहिले, आणि ते वेड धाकट्याला लागलं. पण एर्लिखचं डोकं वेगळ्या दिशेनं चाललं. वायगर्टला चित्र हवं होतं, एर्लिखला त्या चित्रामागचं रसायन. एखादा रंग पेशीतल्या एकाच भागाला का चिकटतो? त्यानं रंगांची आम्लधर्मी, अल्कधर्मी आणि उदासीन अशी विभागणी केली आणि ठरवलं की रंगवणं ही दोन रेणूंची भेट आहे. आम्लधर्मी रंग पेशीतल्या अल्कधर्मी पदार्थाकडे जाणार, अल्कधर्मी रंग आम्लाकडे.

आता तो काचेवर रक्ताचा पातळ थर पसरतो आणि ती काच तांब्याच्या पट्टीवर ठेवतो. पट्टीच्या एका टोकाशी ज्योत आहे. ज्योतीपासून किती अंतरावर पाणी उकळतं ते पाहून तो उष्णतेचा अंदाज घेतो. रक्त भाजून काचेला घट्ट बसलं की त्यावर इओसिन जातं. तुम्ही नळीतून पाहता आणि हात आपोआप थांबतो: काही पांढऱ्या पेशींच्या पोटात झगझगीत तांबडे कण खच्चून भरलेत आणि शेजारच्या पेशींत त्यांचा मागमूस नाही. एकाच रक्तातल्या, एकाच वर्गातल्या समजल्या गेलेल्या पेशी पहिल्यांदाच रंगावरून वेगळ्या झाल्या. यांना इओसिनोफिल म्हणायचं हे तो याच वर्षी जाहीर करतो. प्रबंधात त्यानं मास्ट पेशी दाखवल्याच होत्या. त्यांच्या कणांवर अल्कधर्मी रंग पडला की रंगाची स्वतःची छटाच बदलते, त्यामुळे त्या नजरेतून सुटत नाहीत.

तुमच्या एका स्लाइडवर हेच इओसिन टाकून पाहिलं, तर? त्या मुलीच्या गाठीत तांबडे कण जागोजागी दिसतात. एकदोन नाहीत, थवेच्या थवे. टीबीच्या गाठीत इतके इओसिनोफिल सहसा नसतात. हाती लागलेली ही पहिली गोष्ट. पण १८७९ मध्ये तिचा अर्थ सांगणारं कुणी नाही. आणि गाठीतली मोठी गर्दी आहे ती लहान, गोल, कणविरहित पेशींची. त्यांत ना तांबडं काही, ना निळं. नुसतं गडद केंद्रक आणि भोवती जेमतेम पुरेल एवढी किनार, ताटात मोहरी सांडावी तशा. या लिम्फोसाइट. एर्लिखच्या सगळ्या रंगांपुढं त्या एकसारख्याच राहतात, आणि पुढची आठ दशकं तशाच राहणार आहेत.

पुढच्या तीन ठिकाणी फार थांबायचं नाही. हॅम्बुर्ग, १८९१: त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन उना मेथिलीन ब्लूच्या मुरलेल्या मिश्रणानं त्वचेच्या टीबीचे काप रंगवतोय आणि त्यात त्याला अंडाकृती, गर्द निळ्या पेशी दिसतात. केंद्रक एका कडेला सरकलेलं. तो त्यांना प्लाझ्मा पेशी म्हणतो. तुमच्या स्लाइडवरही त्या आहेत. या पेशी करतात तरी काय, हे उनाला ठाऊक नाही. त्याचं उत्तर १९४८ मध्ये स्टॉकहोमला आस्ट्रिड फाग्रेयस आपल्या प्रबंधात देईल: प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, यांच्याच पोटात तयार होतात.

फ्रँकफुर्ट, १८९३. फर्डिनांड ब्लूम फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक म्हणून उपयोगी पडतं का ते तपासतोय. काम करता करता त्याच्या लक्षात येतं की आपल्या बोटांची कातडी टणक झालीय. मग तो ऊतीचे तुकडेच त्यात टाकून बघतो. ते कुजत नाहीत, आकसत नाहीत, पेशींचा आकार जसाच्या तसा टिकतो. त्यानंतर जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत फॉर्मालिनची बाटली आली ती आजतागायत आहे. तुमच्या डबीतली गाठही निघाल्याबरोबर फॉर्मालिनमध्येच गेली होती. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी तिच्यापाशी अडणार आहे. फॉर्मालिन प्रथिनांमध्ये आडवे दुवे घालतं. रेणूला रेणू बांधला जातो. म्हणून तर ऊती टिकते. पण त्याच बांधणीत प्रथिनांचे ओळखीचे कोपरे झाकले जातात. जपणं आणि लपवणं ही दोन्ही कामं एकच द्रव एकाच वेळी करतो.

बाल्टिमोर, १९०२. जॉन्स हॉपकिन्समध्ये डोरोथी रीड एक निबंध लिहितेय. आता काप नेहमीच्या जोडरंगात रंगवले जातात: मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून काढलेलं हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना निळं करतं, इओसिन बाकीचं गुलाबी. चार वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्गनं अशाच गाठींमध्ये एक अवाढव्य पेशी वर्णिली होती, पण हा टीबीचाच एक विचित्र प्रकार आहे असं त्याला वाटलं. त्याच्या बऱ्याच रोग्यांना टीबीही होता, म्हणून त्याला दोष देता येत नाही. रीड ट्युबरक्युलिनच्या चाचण्या करते, प्राण्यांना टोचून बघते आणि ठामपणे सांगते की या रोगाचा टीबीशी संबंध नाही. १८३२ मध्ये लंडनच्या थॉमस हॉजकिननं वर्णिलेला रोग तो हाच.

तुमची पुढची स्लाइड तिच्या मायक्रोस्कोपखाली सरकवा. निळी-गुलाबी गर्दी दिसते: मोहरीसारख्या लिम्फोसाइट, तांबडे इओसिनोफिल, कडेला प्लाझ्मा पेशी. आणि मध्येच एक राक्षसी पेशी, दोन केंद्रकांची, प्रत्येक केंद्रकात एक ठसठशीत गोळी. आजूबाजूला अशा आणखी थोड्या, शंभरात एखादी. हीच ती, जिला पुढं रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतील. मग रोग ठरला का? रीडच्या डोळ्यांनी पाहिलं तर ठरल्यासारखाच. पण हुबेहूब अशाच दिसणाऱ्या पेशी काही विषाणुजन्य आजारांत आणि वेगळ्या लिम्फोमांतही, म्हणजे लिम्फोसाइटच्या इतर कर्करोगांतही, सापडतात. नुसत्या चेहऱ्यावर विसंबून त्या मुलीला किमोथेरपी द्यायची नाही, आणि टीबीच्या गोळ्या देत सहा महिने घालवायचे नाहीत.

रीडबद्दल एवढं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. स्त्रीला इथं वरची शिक्षकाची जागा मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर ती विकृतिशास्त्रच सोडून गेली. पुढं विस्कॉन्सिनमध्ये तिनं माता-बालकांच्या आरोग्यासाठी मोठं काम केलं, ते थोरच. पण मायक्रोस्कोपमागं असा डोळा पुन्हा पुन्हा मिळत नाही.

आता चार दशकं ओलांडा. वाटेत १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनला क्षणभर थांबा. रस्त्यानं अल्बर्ट कून्स नावाचा तरुण अमेरिकन डॉक्टर चाललाय. त्याच्या डोक्यात संधिवाताच्या तापाचा विचार आहे: हृदयातल्या त्या बारीक गाठींमध्ये स्ट्रेप्टोकॉकसचं काही उरलेलं असतं का, आणि असलं तर ते डोळ्यांना कसं दिसावं? ज्या शहरात एर्लिखनं रंगांना कामाला लावलं त्याच शहरात कून्सला पुढची पायरी सुचते. आणि ती पायरी एर्लिखच्याच विचारातून फुटलेली आहे. १८९७ मध्ये एर्लिखनं मांडलं होतं की पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराचे ग्राहक असतात आणि प्रतिपिंड म्हणजे रक्तात सुटलेले तेच ग्राहक. रंग जसा आपल्या जोडीदाराला शोधतो, तसा प्रतिपिंडही. फरक निवडीच्या बारकाईत आहे. इओसिनला अल्कधर्मी काहीही चालतं. प्रतिपिंडाला हजारो प्रथिनांतून एकच हवं असतं. मग प्रतिपिंडालाच रंग बांधला तर?

बॉस्टन, १९४१. हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेतली प्रयोगशाळा. दिवे घालवलेत, तुमचे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. कून्स आणि त्याच्याबरोबरचे रसायनतज्ज्ञ क्रीच आणि जोन्स यांनी न्युमोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडाला अँथ्रासीन जोडलंय, आणि अतिनील प्रकाशात ते जंतू निळे चमकतात. कल्पना चालली! पण ऊतीवर ती चालत नाही, कारण ऊती स्वतःच अतिनील प्रकाशात निळसर उजळते. निळ्यात निळं हरवतं. मग फ्लुओरेसीनकडे वळायचं, जे हिरवं चमकतं. ते प्रतिपिंडाला जोडण्यासाठी आधी फॉस्जीन वापरून त्याचं आयसोसायनेट बनवावं लागतं. पहिल्या महायुद्धात सैनिकांना गुदमरवून मारणारा वायू म्हणजे हाच फॉस्जीन. शेवटी संसर्ग झालेल्या उंदरांच्या ऊतीत, काळ्या पार्श्वभूमीवर, पिवळट हिरवे ठिपके उगवतात. १९४२ मध्ये तो निबंध छापून येतो. अमेरिका एव्हाना युद्धात उतरलेली असते आणि कून्स सैन्यात जातो.

त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलंय आणि व. रा. खानोलकर तिथली प्रयोगशाळा उभी करताहेत. मानेतली गाठ त्यांच्याकडं आली तर त्यांच्या हाती तेच निळं-गुलाबी चित्र आणि स्वतःची नजर. बॉस्टनमध्येही नेहमीच्या कामाला याहून जास्त काही नाही. कून्सची पद्धत अजून रोग्यांपर्यंत पोचलेली नाही, आणि तिचा रोख जंतूंवर आहे, पेशींवर नाही.

पेशींकडं तो युद्धानंतर वळतो. १९५५ मध्ये एलिझाबेथ लेडक आणि जीन कॉनॉली यांच्याबरोबर तो प्रश्नच उलटा करतो. लस टोचलेल्या सशाच्या ऊतीचा काप घ्यायचा, त्यावर आधी अँटिजेन टाकायचं. ज्या पेशीच्या पोटात त्या अँटिजेनविरुद्धचं प्रतिपिंड असेल ती ते धरून ठेवील. मग वरून चमकणारं प्रतिपिंड सोडायचं. अंधारात उजळतात त्या प्लाझ्मा पेशी. उनाला दिसलेल्या आणि फाग्रेयसनं ताडलेल्या पेशींचं काम आता प्रत्यक्ष दिसतंय. मायक्रोस्कोपला डोळा लावून तुम्ही हे पाहत असाल तर घाई करू नका, कारण ही चमक टिकत नाही. प्रकाशात धरलेली स्लाइड बघता बघता विझते.

आणि तुमची डबी? ती खिशातच ठेवा. इथं काप लागतात ताज्या, गोठवलेल्या ऊतीचे, थंड पेटीत कापलेले. फॉर्मालिनमधून आलेल्या तुमच्या गाठीवर ही पद्धत फारसं काही बोलणार नाही.

मधली वर्षं भराभर. १९६०च्या दशकात कळतं की मोहरीच्या दाण्यांसारख्या त्या लिम्फोसाइट मुळात दोन जातींच्या आहेत, थायमसमधून येणाऱ्या टी आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी. दिसायला तंतोतंत सारख्या, कामाला सर्वस्वी वेगळ्या. १९६६ मध्ये मिशिगनला पॉल नाकाने आणि पॅरिसला स्ट्रॅटिस अव्रामेआस प्रतिपिंडाला चमकणाऱ्या रंगाऐवजी एंझाइम जोडतात. हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातला पेरॉक्सिडेज. त्यावर डायअमिनोबेंझिडीन टाकलं की जागच्या जागी न विरघळणारा तपकिरी थर बसतो. अंधारी खोली नको, चमक विझण्याची भीती नको, शेजारी हिमॅटॉक्सिलिनची निळी केंद्रकंही दिसतात, स्लाइड कपाटात वर्षानुवर्षं राहते. १९७४ मध्ये ऑक्सफर्डचे क्लाइव्ह टेलर आणि बर्न्स यांनी फॉर्मालिनमधल्या, मेणात बसवलेल्या ऊतीतही प्लाझ्मा पेशी अशा तपकिरी करून दाखवल्या. तुमची एक स्लाइड तिथं खर्च करा: गाठीच्या कडेच्या प्लाझ्मा पेशी उठून दिसतात. त्यांच्या पोटात प्रतिपिंड इतकं ठासून भरलेलं असतं की फॉर्मालिन सगळं झाकू शकत नाही. टी आणि बी पेशींच्या अंगावरच्या विरळ खुणांचं तसं नाही.

त्या खुणा ओळखणारं अस्त्र १९७५ मध्ये केंब्रिजला तयार झालं. जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी एक पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडून दिली, आणि एकाच खुणेविरुद्धचं एकसारखं प्रतिपिंड हवं तितकं मिळू लागलं. प्रयोगशाळांनी इतकी प्रतिपिंडं केली की एकाच प्रथिनाला दहा नावं पडली. १९८२ मध्ये पॅरिसला जमून सगळ्यांनी त्यांना सीडी क्रमांक द्यायचं ठरवलं.

त्याच वर्षी कील. बाल्टिक समुद्राकाठचं हे शहर. हॉजकिनच्या रोग्याकडून मिळवून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी इथं उंदरांना टोचल्यात. त्यातून निवडलेलं एक प्रतिपिंड राक्षसी पेशींना पकडतं आणि भोवतालच्या गर्दीला जवळजवळ शिवतही नाही. हाराल्ड स्टाइन आणि त्यांचे सहकारी त्याला शहराच्या नावावरून की-१ म्हणतात. त्यानं ओळखलेली खूण म्हणजे पुढं सीडी-३०. गोठवलेल्या कापावर रीड-स्टर्नबर्ग पेशी तपकिरी कड्यांनी वेढलेल्या दिसतात, आणि १९०२ पासून अडलेला प्रश्न इथं सुटतोय असं वाटून तुम्ही घाईनं डबी उघडता. स्लाइडवर की-१ टाकता, वाट पाहता, धुता, रंग करता. काही नाही. निळी केंद्रकं तेवढी. खूण तिथं आहे, प्रतिपिंडही तिथं आहे, आणि मध्ये ब्लूमचं फॉर्मालिन आडवं आलंय.

या शास्त्राच्या इतिहासातली सर्वांत जाचक वर्षं मला हीच वाटतात. जगातल्या रुग्णालयांच्या कपाटांत फॉर्मालिन-मेणाच्या लाखो वड्या रचून ठेवलेल्या, रोग्याचं पुढं काय झालं याची नोंद शेजारच्या फायलीत, हाती नेमकी प्रतिपिंडं, आणि त्यांतली बहुतेक त्या ऊतींवर चालत नाहीत. गाठ ताजी पाठवा म्हणून विकृतितज्ज्ञ शल्यचिकित्सकांच्या विनवण्या करत. सवयीनं ती फॉर्मालिनमध्येच पडे.

सॅन रॅमॉन, कॅलिफोर्निया. वर्ष उजाडतंय १९९१. चीनमधून आलेले, कानाच्या हाडांचे काप तपासण्यात आयुष्य घालवलेले शान-रोंग शी ग्रंथालयात जुनी रासायनिक नियतकालिकं चाळताहेत. त्यांना फॉर्माल्डिहाइडच्या बांधणीचंच रसायन समजून घ्यायचंय. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्याच कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत हाइंझ फ्रेंकेल-कॉनराट यांनी प्रथिनं आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यावर निबंध लिहिले होते. त्यांत होतं की हे दुवे कायमचे नसतात, कडक उष्णता किंवा तीव्र अल्कली दिली तर सुटू शकतात. ते निबंध छापले गेले त्याला पन्नास वर्षं होत आलेली, आणि ऊतिशास्त्रातल्या कुणी ते आपल्या कामाला लावले नव्हते. ऊतीचा काप उकळवायचा ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी: इतकं जपून टिकवलेलं, आणि ते शिजवायचं?

शी आपले सहकारी मार्क की आणि कृष्ण कालरा यांच्याबरोबर स्लाइड जड धातूंच्या क्षारांच्या द्रावणात बुडवतात आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात. द्रावण उकळतं. काप काचेवर टिकून राहतो. थंड झाल्यावर प्रतिपिंड टाकलं की तपकिरी रंग उगवतो, आधीपेक्षा कितीतरी गडद. त्यांनी ५२ प्रतिपिंडं तपासली, त्यातल्या ३९चं काम स्पष्टपणे सुधारलं. नऊंना फरक पडला नाही आणि चारांचं बिघडलं. ती चारही त्यांनी लिहून ठेवली, याचं मला फार मोल वाटतं. लवकरच धातूंच्या क्षारांच्या जागी सौम्य सायट्रेट द्रावण आलं, मायक्रोवेव्हच्या जोडीला प्रेशर कुकर आला, आणि कपाटातल्या त्या वड्या एकदम बोलू लागल्या. एवढ्या साध्या कृतीनं रोग्यांच्या निदानात इतका फरक पडल्याचं दुसरं उदाहरण मला विकृतिशास्त्रात आठवत नाही.

आता परत या, तुमच्याच काळात, महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात. डबीत थोड्याच स्लाइड उरल्यात. टेक्निशियनताई त्या झायलीनमध्ये बुडवून मेण उतरवतात, उतरत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाण्यात आणतात. मग सायट्रेट, सहा पीएच, आणि कुकर. स्वयंपाकघरात असतो तसाच कुकर, इथं मात्र शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजली जातात. थंड झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. ही पायरी का हे विचाराल तर तुमच्या गाठीकडेच बोट दाखवावं लागेल. इओसिनोफिलच्या कणांत स्वतःचा पेरॉक्सिडेज असतो. तो आधी निकामी केला नाही तर एर्लिखचे ते तांबडे कण इथं तपकिरी होऊन बसतील आणि बघणाऱ्याला वाटेल की प्रतिपिंडच तिथं चिकटलंय. त्यानंतर प्रत्येक स्लाइडवर वेगळं प्रतिपिंड, शेजारी टॉन्सिलचा ओळखीचा काप, म्हणजे रंग बरोबर चालला की नाही ते लगेच कळावं. शेवटी तपकिरी, मग हिमॅटॉक्सिलिनचा हलका निळा.

डोळा लावा. सीडी-२०: बी पेशींचे छोटे पुंजके उजळलेत, राक्षसी पेशी मात्र जवळजवळ कोऱ्या. सीडी-३: टी पेशींची दाट गर्दी, आणि राक्षसी पेशींभोवती तर त्यांचं कडंच. सीडी-६८: मॅक्रोफेज, अधूनमधून. आणि सीडी-३०. राक्षसी पेशीच्या कडेनं ठळक तपकिरी रेघ, केंद्रकाशेजारी एक गडद ठिपका. सीडी-१५ही तसंच. कीलला जी स्लाइड गप्प राहिली तिच्याच जोडीची ही स्लाइड. निदान ठरलं: हॉजकिन लिम्फोमा. गाठीतली बहुसंख्य वस्ती रोगप्रतिकारक पेशींचीच आहे, कर्करोगाच्या पेशी शंभरात एखादी, आणि त्या गर्दीतून ती एक नेमकी ओळखता आली म्हणून.

रीड-स्टर्नबर्ग पेशी खरं तर बी वंशाची, पण आपली बहुतेक बी ओळख हरवून बसलेली असते. १९९४ मध्ये जर्मनीत राल्फ क्युपर्स आणि सहकाऱ्यांनी असेच रंगवलेले काप घेऊन त्यांतून एकेक पेशी उचलली, तिचे जनुक वाचले आणि हे सिद्ध केलं. म्हणून तर सीडी-२० कोरं राहिलं.

अहवाल त्या मुलीच्या डॉक्टरकडे गेलाय. टीबीच्या गोळ्या थांबतील, चार औषधांची किमोथेरपी सुरू होईल. हॉजकिनचे बहुतेक तरुण रोगी बरे होतात. आणि रोग परतलाच, तर २०११ पासून आणखी एक औषध आहे, ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन: सीडी-३० ओळखणारं प्रतिपिंड, आणि त्याला रंगाऐवजी बांधलेलं विष. एर्लिखनं आयुष्यभर धरलेली कल्पना, रोगाच्या पेशीपर्यंतच जाणारं औषध, या रूपात शिरेतून जातेय.

डबीत एक स्लाइड उरलीय, ती रंगवायला देऊ नका. वडीच्या क्रमांकासह ती विभागातच जमा करा. रोग परतला तर नवी गाठ काढावी लागेल, तिचं सीडी-३० नव्यानं तपासावं लागेल, आणि डॉक्टरांना ते जुन्याच्या शेजारी ठेवून पाहायचं असेल.